नाक्यावरचं जातं

गाडीच्या डिकीत जातं मावेल का, एवढी एकच काळजी घेऊन मी त्या दिवशी जालन्याहून मंठ्याला निघाले. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, दुसऱ्या मजल्यावर ते दगड घेऊन तू करणार काय आहेस?" मी म्हटलं, "समोर ठेवून बघत बसणार आहे. तुला काही त्रास आहे का?" त्याला काही त्रास नव्हता. तो पुण्यात असतो आणि फोनवर माझ्याशी लवकर हरतो.

झालं असं होतं, की गावाच्या ग्रुपवर शबानाचा मेसेज आला होता. शबाना माझी शाळेपासूनची मैत्रीण. मंठ्याच्या आमच्या छोट्याशा संग्रहालयाची किल्ली आता तिच्याकडे असते. तिनं लिहिलं होतं, रस्ता रुंद होतोय, त्यात नाक्याची, म्हणजे संग्रहालयाचीच, इमारत जाणार. संग्रहालयाला बाजारगल्लीत वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली आहे. पण तिथला स्लॅब जुना आहे, दगडी सामान वर चढवता येणार नाही. जाती, उखळं, पाटे, ज्यांचे असतील त्यांनी येऊन घेऊन जावेत. खाली लोकांनी हात जोडले होते, फुलं टाकली होती. एकजण तर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून मोकळा झाला होता.

मला मात्र तो मेसेज वाचून आनंद झाला. खोटं कशाला बोलू? आईला जाऊन बरीच वर्षं झाली. घर भावानं विकलं, भांडी वहिनीनं मोडीत घातली, आईची शिलाई मशीन कुठं गेली ते कुणालाच सांगता येत नाही. हे गेल्यापासून मीही जालन्याच्या फ्लॅटमध्ये एकटीच आहे. आईच्या हाताची म्हणावी अशी एकच वस्तू जगात उरली होती, ते जातं, आणि ते नाक्यावर होतं. दिलेली वस्तू परत कशी मागायची, म्हणून इतकी वर्षं गप्प होते. आता ते स्वतःहून परत मिळणार होतं. मी एक जुनी गोधडी गाडीत टाकली, सुतळी टाकली आणि निघाले.

माघ सरत आला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोसंबी फुलली होती. काचा खाली केल्या आणि तो गोड, जरासा कडवट वास गाडीभर झाला. आमच्या लहानपणी हा वास इकडे नव्हता. तेव्हा या दिवसांत फक्त हरभऱ्याच्या आंबेचा, पाल्यावरच्या आंबट दवाचा वास असायचा. शाळेतून येताना आम्ही हरभऱ्याच्या पाल्यावरून हात फिरवायचो आणि बोटं चाटत घरी यायचो. शबानाची बोटं माझ्यापेक्षा लांब, म्हणून तिला जास्त आंब मिळते यावरून आमची भांडणं व्हायची. मंठ्याच्या अलीकडे एका शेतात सोंगून ठेवलेला हरभरा दिसला, तसं मला उतरावंसं वाटलं. पण डोक्यात जातं होतं. उतरले नाही.

नाका म्हणजे निजामाच्या काळातली करोडगिरीची चौकी. वऱ्हाडातून येणारा माल इथं अडवून जकात घ्यायचे म्हणे. जाड भिंतींच्या दोन खोल्या, पुढे पडवी, आणि बैलगाड्या उभ्या करायचं फरसबंद अंगण. चौकी उठली, मग कित्येक वर्षं तिथं वटवाघळंच राहत होती. आम्ही पोरं दाराच्या फटीला नाक लावून आतला कुबट वास घ्यायचो आणि किंचाळत पळायचो. त्या वटवाघळांना घालवून तिथं संग्रहालय काढलं ते शबानाच्या वडिलांनी, आमच्या कादरी सरांनी. पाटीवर 'ग्रामसंग्रहालय' असं मोठं लिहिलं होतं, पण ते नाव कुणी घेतलं नाही. गाव शेवटपर्यंत त्याला नाकाच म्हणत राहिलं.

सर आम्हाला इतिहास शिकवायचे आणि पी.टी. घ्यायचे. दोन्ही विषय ते एकाच आवाजात शिकवायचे. गळ्यात शिट्टी, पांढरी पँट, आणि इतिहासाच्या तासालाही 'सीधा बसा' असा हुकूम. एके दिवशी ते वर्गात म्हणाले, "तुमच्या घरात जे जुनं पडलं असंल, ते मला आणून द्या. फेकू नका." मग काय! गाव नुसतं तुटून पडलं. कुणी पायली-शेराची मापं आणली, कुणी निजामाच्या हाली शिक्क्याची नाणी, कुणी बैलांच्या घुंगरमाळा. कुंभारवाड्यातून एक मोडकं चाक आलं. कुणीतरी करोडगिरीचाच एक पितळी शिक्का आणून दिला, तो त्याच्या घरी कसा गेला हे सरांनी विचारलं नाही.

सगळ्यांत जास्त आली ती जाती. कारण नुकतीच गावात विजेची गिरणी सुरू झाली होती. तिचा पट्ट्याचा फटफट आवाज दुपारभर ऐकू यायचा, आणि डब्यातून घरी आणलेलं गरम पीठ आम्ही गालाला लावून बघायचो. बायकांचे हात सुटले. पहाटेचं दळण बंद झालं, आणि एकेका घरातून जातं निघून नाक्याच्या वाटेला लागलं. आईनंही दिलं. वडील मी लहान असतानाच गेले होते. आई लोकांचे ब्लाउज शिवायची. घरात जागा कमी आणि जातं मशीनच्या आड येत होतं. तिनं जात्याला हळदकुंकू वाहिलं, पाया पडली आणि म्हणाली, "जा बाई, आता सरांकडं राहा." मला वाटलं ती रडेल. ती लगेच मशीनवर बसली.

आता जात्याच्या दोन तळ्या असतात, वरची आणि खालची. वर्षानुवर्षं एकमेकींवर फिरून त्या एकमेकींच्या होतात. एकीचा उंचवटा दुसरीच्या खोलात बसतो. हे बायकांना सांगावं लागत नाही. सरांना कुणी सांगितलं नव्हतं. उचलायला सोपं म्हणून पोरांनी सगळ्या तळ्या वेगळ्या करून आणल्या होत्या. सरांनी मग काय करावं? आयुष्यभर जे केलं तेच केलं. सगळ्या वरच्या तळ्या एका रांगेत उंचीप्रमाणे, सगळ्या खालच्या दुसऱ्या रांगेत उंचीप्रमाणे. आणि मग पी.टी.ला आमच्या जोड्या लावायचे तशा जोड्या लावल्या, बुटकीबरोबर बुटकी, उंचबरोबर उंच.

उद्घाटनाला बायका नटूनथटून आल्या. मोठी रांग लागलेली, सर दाराशी यजमानासारखे उभे. पहिल्याच बाईनं जात्यांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अवं सर, हे काय केलं? समद्यायच्या जोड्या मोडल्या की!"

सर म्हणाले, "कुठं मोडल्या? बघा तरी, कशी एका लाइनीत उभी आहेत."

"लाइनीचं काय करता? नवरा एकीचा अन् बायको दुसरीची!"

बायका अशा हसल्या, की वटवाघळं अजून आत असती तर त्या दिवशी उडून गेली असती. पदर तोंडाला लावून हसल्या, खांबाला धरून हसल्या. सरांचे कान लाल झाले. मग एकेकीनं आपापलं ओळखून जोड्या परत लावायचा प्रयत्न केला, पण सगळंच हललेलं, काही जुळलं, काही तसंच राहिलं. आमची वरची तळी दाराजवळ होती. आईनं तिच्या खुंट्यावर हात ठेवला, खालच्या तळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही माझी न्हाई."

मागून शबानाची अम्मी, आमच्या खाला, हळूच म्हणाल्या, "वो मेरी है." सरांनी स्वतःच्या बायकोच्या घरातली तळी आमच्या तळीखाली लावली होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. आई म्हणाली, "सांगायचं का सरांना?" खाला म्हणाल्या, "नक्को. मर्दां को क्या समझता?" आणि दोघी पुन्हा हसायला लागल्या. त्या दिवसापर्यंत त्यांची नुसती ओळख होती. त्यानंतर आईनं खालांची एकही ईद चुकवली नाही.

खरी गंमत पुढे झाली. लग्नसराई आली. हळद तर जात्यावरच दळायची, जातं पुजल्याशिवाय लग्नाला सुरुवात कशी करणार? आणि जातं तर कुणाच्याच घरात नाही! सगळ्यांनी हौसेनं नाक्यावर नेऊन दिलेली. पहिल्या लग्नघरच्या बायका सरांकडे गेल्या. सर म्हणाले, "संग्रहालयातली वस्तू बाहेर जात नसते." बायका म्हणाल्या, "मंग काय लगीन थांबवावं का?" सर बराच वेळ शिट्टीशी चाळा करत उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "न्या. पण बराबर परत आणा." दाराजवळ होतं म्हणून नेमकं आमचं ते विजोड जातंच उचललं गेलं.

ते धड फिरेना. वरची तळी एका बाजूला घासायची, हळकुंड नुसतं चिरडायचं. मग आईला बोलावणं आलं. आई गेली, तिनं खालच्या तळीच्या मधल्या खिळ्याभोवती सुती चिंधी गुंडाळली, वरची तळी केसभर उचलली गेली, आणि जातं फिरायला लागलं. एवढंच. पण हे 'एवढंच' आमच्या घरात फार मोठं होतं. विधवा बाई हळदीच्या ठिकाणी कुठं असते? दाराशी, मागं, कुणाच्या नजरेला येऊ नये अशी. आईनं तोवर तसंच केलं होतं. पण जातं मांडायचं तर मधेच बसावं लागतं. ती मधे बसली. मांडून उठायला लागली, तसा दुसऱ्या बाजूनं खालांनी खुंटा धरला, कारण अर्धं जातं त्यांचं होतं, आणि म्हणाल्या, "बैठो. मी एकटी कशी फिरवू?" लग्नघरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. वेळ होत होता, हळद दळायची होती. कुणी काही बोललं नाही. ते न बोलणंच मग रीत होऊन बसलं. नाक्याच्या जात्याला कुणीही बसावं, विचारायचं नाही.

तिथून पुढे लग्न म्हटलं की जात्याला आमंत्रण जायचं. बायका ताटात हळदकुंकू, अक्षता, सुपारी घेऊन वाजतगाजत नाक्यावर यायच्या आणि देवाला द्यावं तसं जात्याला निमंत्रण द्यायच्या. जातं गाडीत बसून जायचं, पाठोपाठ आई. मी आणि शबाना तिच्या मागे लागायचो, कारण लग्नघरी बुंदी मिळायची. दळताना बायका ओव्या गायच्या. खाला दखनीत गायच्या, त्यांच्या गाण्यातही चक्की असायची आणि तिच्यापुढे बसलेली बाई असायची. आणि एक ओवी बायकांनी सरांवरच रचली होती. ती आली की सगळ्या एका सुरात गायच्या आणि खाला सगळ्यांत मोठ्यानं.

*सरानं जुळवली जोडी, उंचीला उंची लावून*
*दगड बी हसले बाई, एकमेकांला पाहून*

संग्रहालय म्हणजे कोपऱ्यातली धूळ असं मी नंतर शहरात पुष्कळांच्या तोंडून ऐकलं. आमच्या नाक्याला धूळ बसायला सवडच नव्हती. भंडाऱ्याला परात जायची, शाळेच्या गॅदरिंगला घुंगरमाळा जायच्या. बाजाराच्या दिवशी खेड्यावरच्या म्हाताऱ्या आपली घागर बघायला यायच्या, सासरी दिलेली लेक बघायला यावं तशा. घागरीला हात लावून, "बरी हाईस ना?" असं विचारून जायच्या. उन्हाळ्यात जाड भिंतींच्या आत गारवा असायचा, म्हणून दुपारी निम्मा गाव तिथंच आडवा. सरांनी फक्त एक नियम केला होता. नेलेली वस्तू धुऊन परत आणायची. जातं तेवढं धुवायचं नाही, असं आई आणि खालांनी सांगून टाकलं होतं. त्याच्या दगडावरच्या टाकीच्या खाचांत हळद बसत गेली, वर्षामागून वर्ष. पावसाळी हवेत नाक्याचं दार उघडलं की आधी हळदीचा वास यायचा, मग जुन्या चुन्याचा.

त्या दिवशी मी नाक्यावर पोचले तेव्हाही तोच वास आला. फक्त अंगण बदललं होतं. जाती, पाटे, उखळं बाहेर उन्हात मांडलेली, आणि गेटाशी एक टेम्पो. हायवेवर नवा ढाबा काढणारा एकजण शबानाला समजावत होता. "ताई, सगळं एकदम द्या ना. गावाकडची थीम करून राह्यलो मी. एंट्रीलाच लावतो, बघा कसं दिसतंय."

"ज्याचं त्याला देऊन राह्यले मी," शबाना म्हणाली. "तुमचं कोणतं?"

त्याचं कोणतंच नव्हतं. तो गेला. शबाना माझ्याकडे वळली. केस सगळे पांढरे, पण आवाज शाळेतलाच. "आलीस? आणि गाडी म्हणून हा डब्बा आणला का? ह्याच्यात तू तरी मावतेस का?"

"आधी पाणी विचार, मग माझं माप काढ," मी म्हटलं. आम्ही गळ्यात पडलो आणि उगीचच थोडं रडलो. सर आणि खाला दोघंही गेले त्यालाही काळ लोटला.

जातं आपल्या जागेवर होतं, पडवीत, दाराजवळ. ते तिनं उन्हात काढलं नव्हतं. मी खुंट्यावर हात ठेवला. लाकूड एका अंगाला झिजलेलं आहे, तिथं आईची मूठ बसायची. माझी मूठ तिथं बरोबर बसली. बाई गं, काय वाटलं ते सांगता येत नाही. मला ते हवं होतं. फक्त मला.

"वरची आमची, खालची तुमची," मी शबानाला म्हटलं. "खालची तू ठेव. मी वरचीच नेते."

"पागल झालीस का? एकदा वेगळ्या केल्या तर अब्बांना जन्मभर ऐकावं लागलं. आता दोघी घासून घासून एक झाल्या, कागद जात न्हाई मधून. नेतीस तर दोन्ही ने. माझं बी घर वरच्या मजल्यावरच आहे."

दोन हमालांनी दोन्ही तळ्या उचलल्या. गोधडीत गुंडाळून डिकीत ठेवल्या, तशी गाडी मागून बसली. पडवीच्या फरशीवर एक गोल पिवळा डाग तेवढा उरला. शबाना त्या डागाकडे बघत म्हणाली, "चहा घेऊन जा." आम्ही पडवीतच चहाला बसलो. मला निघायची घाई झाली होती. तिचं मन बदलायच्या आत जातं घेऊन जायचं होतं.

आणि नेमकी तेव्हाच रिक्षा आली. तिच्यातून एक वयस्कर बाई आणि तिची सून उतरली. सुनेच्या हातात ताट, ताटात हळदकुंकू, अक्षता, सुपारी, नवा खण. बाई पायरी चढून सरळ दाराजवळ आली आणि पिवळ्या डागापाशी थबकली. "आगं बाई! जातं कुठं गेलं?"

शबाना म्हणाली, "बसा सुमनबाई. मेसेज टाकला होता..."

"मला कुठं वाचता येतंय मेसेज? नातीची हळद आहे आज संध्याकाळी. जात्याला निवतं घेऊन आल्ते."

मी म्हटलं, "बाहेर एवढी जाती आहेत, त्यांतलं न्या की एखादं." माझा आवाज मलाच कडू लागला.

सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नवल केल्यासारखं. "ते दळतेत का बाई? माझी हळद ह्या जात्याची, माझ्या लेकीची ह्याचीच. आता नातीला दुसरं कसं लावू?" आणि ताट कुठं ठेवावं ते न सुचून त्यांनी ते त्या रिकाम्या डागावरच ठेवलं.

शबाना माझ्याकडे बघत नव्हती. कपात चहा ओतत होती, आधीच भरलेल्या कपात. तिनं एक शब्द काढला असता तर मी तिच्याशी भांडले असते आणि गाडी काढून निघून गेले असते. तिनं काढला नाही. मला तिचा राग आला, त्या बाईचा आला, त्या रस्त्याचा आला. मग मी म्हटलं, "गाडीत आहे. चला, मीच आणून देते. पण हळद झाली की मी घेऊन जाणार आहे." सुमनबाई म्हणाल्या, "न्या ना. आमचं कुठं आहे ते?"

शबानानं नाक्याला कुलूप लावलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली. रिक्षा पुढे, आम्ही मागे. मागं जातं असल्यानं मी प्रत्येक गतिरोधकावर गाडी अशी हळू घेत होते, की सायकली पुढे जात होत्या.

लग्नघरी मांडव पडला होता. बायका वाटच बघत होत्या. गोणपाटावर खालची तळी ठेवली, वर वरची ठेवली, आणि एकीनं फिरवून बघितलं. घर्रर्र, आणि अडकलं. "असंच करतंय ते," सुमनबाई म्हणाल्या. "आधी एक बाई यायच्या मांडायला. त्या गेल्या, तसं कसंबसं ओढतो आम्ही."

"ती माझी आई," मी म्हटलं.

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मग कुणीतरी म्हणालं, "मंग मांडा ना!" जसं काही माझी आई म्हणजे मलाही येणारच. मला येत नव्हतं. पण बघितलं तर होतं, बुंदीची वाट बघत किती वेळा तरी. गोधडीची कड उसवली होती, तिची चिंधी फाडली. खिळ्याभोवती गुंडाळली, जास्त झाली, सोडली, पुन्हा गुंडाळली. शबाना म्हणाली, "जल्दी कर, नवरी म्हातारी होईल." वरची तळी ठेवली, खुंटा धरून ओढला. फिरली. तो आवाज, दगडाचा दगडाशी, जाड आणि सारखा, मी किती वर्षांनी ऐकला!

मी उठायला लागले. माझं कपाळ मोकळं, आणि तिथं पाच सवाष्णी हळदकुंकू लावून तयार. जागा करून द्यावी म्हणून मी मागं सरकले, आईनं सरकावं तशी. सुमनबाईंनी माझा हात धरून खुंट्यावर ठेवला. "बसा वं. नाक्याच्या जात्याला कुणाला इचारत न्हाईत. पहिल्यापसून तशीच रीत आहे." समोरच्या बाजूनं शबानानं खुंटा धरला.

हळकुंडं पडली. पिवळी धूळ कडेनं झरायला लागली, तो उग्र, गरम वास वर आला. बायकांनी ओवी धरली, एकीमागून एक, नवरीच्या नावाची, मामाच्या नावाची. आणि मग त्या वीस-बावीस वर्षांच्या पोरींनी, ज्यांनी कादरी सरांना कधी पाहिलंही नव्हतं, सुरात गायलं,

*सरानं जुळवली जोडी, उंचीला उंची लावून*
*दगड बी हसले बाई, एकमेकांला पाहून*

शबानाचा हात थांबला, म्हणून जातंही थांबलं. तिनं शेजारच्या पोरीला विचारलं, "कोन सर गं हे?"

"काय माहीत, काकू," ती म्हणाली. "हळदीचं गाणंच आहे ते. सगळ्याच लग्नात म्हणतेत."

शबानानं डोळे पुसले, तर गालावर हळद लागली. "हौ, बराबर आहे," ती म्हणाली. "फिरव."

हळद दळून झाली, गाळून वाटीत भरली. सुमनबाई माझ्यापाशी आल्या. "डिकीत ठेवायला पोरांना सांगू का?" मी जात्याकडे पाहिलं. माझ्या फ्लॅटमध्ये, टीव्हीच्या बाजूला, ते चांगलं दिसलं असतं. मी रोज पुसलं असतं. पुसत पुसत त्याची हळदही गेली असती. आईचं दुसरं काहीही माझ्यापाशी नाही, आणि हेही राहणार नाही, याचं मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण आई त्या जात्यामुळे घरातून बाहेर पडली होती, आणि मी तिला परत घरात नेऊन ठेवायला निघाले होते.

"राहू द्या," मी म्हटलं. "वरच्या मजल्यावर चढणार नाही ते. पुढचं लग्न ज्यांच्या घरी असेल, ते इथून येऊन नेतील. मग त्यांच्याकडून त्याच्या पुढचे. तुमच्याकडे आहे हे शबानाला ठाऊक आहे."

"धुवायचं न्हाई ना?" सुनेनं विचारलं.

"बिलकुल नाही," मी आणि शबाना एकदमच म्हणालो.

परतताना डिकीत नुसती गोधडी होती. गाडी हलकी पळत होती आणि मोसंबीचा वास अंधार पडेपर्यंत सोबत होता. मी वाटेत थोडी रडले, थोडी ती ओवी म्हटली. घरी येऊन बघते तर नखांत हळद. चार दिवस ती गेली नाही, मीही घासली नाही.

त्यानंतर नाका पडला. शबानानं फोटो पाठवला, मी तो मोठा करून पाहिला नाही. नव्या खोलीत मापं, नाणी, घुंगरमाळा लागल्या आहेत, म्हाताऱ्या जिना चढून घागर बघायला येतात. दाराजवळची जागा तिनं रिकामी ठेवली आहे. कुणी विचारलं तर सांगते, "ते लग्नाला गेलंय."

वैशाखात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागं भांड्यांचा, पोरांचा गलका, आणि एक बाई फोनमध्ये जवळजवळ ओरडत होती. "तुम्ही जातं मांडणाऱ्या बाई का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? शबानाबाजींनी नंबर दिला. जातं आमच्याकडं आलंय. परवा हळद आहे. तुम्ही याल ना मांडायला?"

"येते की," मी म्हटलं. "चिंधी माझी मी आणते."